गुडघ्यापर्यंत आलेली दीपमाळ

आधी तो चहाचा घोट गिळून घ्या. खरंच! मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एका मित्राने अख्खा घोट माझ्या शर्टवर उडवला. आणि तो तर माझ्या बाजूचा होता!

तर मंडळी, माझा एक फ्लेक्स लागला होता. भर फाट्यावर. वाढदिवसाचा नाही, निवडणुकीचा नाही. कशाचा ते सांगितलं तर सगळा घोटाळा आत्ताच फुटेल, म्हणून मुळापासून सांगतो.

मी पुण्याचा. कॉम्प्युटरवर काम, तिसऱ्या मजल्यावर घर, आणि जमीन म्हणाल तर खिडकीतल्या दोन कुंड्या. एके दिवशी पिझ्झा खाता खाता मधमाश्यांवरचा एक व्हिडिओ बघितला आणि मला वेड लागलं! मधमाश्या कमी होतायत, फुलपाखरं कमी होतायत, आणि मी इथे चीज ओढत बसलोय? लाज वाटली राव. (पिझ्झा संपवला. पण लाज वाटली.)

लगेच रानफुलांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरलो. तिथे एकच मंत्र: देशी रानफुलं लावा, देशी! आता कुंडीत किती लावणार? तेव्हा मला आठवला माझा मामा.

दत्तामामा. आळेफाट्याहून पुढे, डिंगोऱ्याच्या पलीकडे माझं आजोळ आहे, तिथे मामाची शेती. गावात सगळे त्याला ‘रिव्हर्स’ म्हणतात. ‘काय रिव्हर्स, कुठं निघाला?’ असं. का म्हणतात, ते मी एकदा विचारलं होतं. मामा म्हणाला, “काय नाय रं, जुनी गंमत हाये,” आणि मामी पदर तोंडाला लावून आत पळाली. मीही सोडून दिलं. सोडायला नको होतं!

“मामा, तो वरचा पडीक तुकडा मला दे ना,” मी म्हणालो.

“काय करतो?”

“रानफुलं लावतो.”

“रानफुलं लावत्यात व्हय? ती येत्यात. आमी उपटतो.”

“अरे, मधमाश्यांसाठी. त्या आल्या की तुझ्या दोडक्याची फळधारणा वाढेल.”

“सेटिंग म्हन की मग!” मामाचा चेहरा उजळला. “घे. तसाबी तिथं दगडाबिगर काय व्हत नाय. पर गावात सांगू नको, तण पेरतो म्हनून हसतील.”

हा वरचा तुकडा म्हणजे टेपाडावरची मुरमाड जमीन. आणि तिला अगदी लागून, खंडोबाचं देऊळ. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

आता बी. तेरडा, कुर्डू, सोनकी जमवली. आणि सगळ्यात लाडकं म्हणजे दीपमाळ! आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर ती मोप उगवते. सरळ उंच दांडा, त्याला अंतराअंतरावर काटेरी गोंडे, एकावर एक, आणि त्या गोंड्यांतून केशरी फुलं. थेट देवळापुढच्या दीपमाळेसारखी दिसते, म्हणून नावच दीपमाळ. मी म्हटलं, आपोआप रानात उगवतं ते रानफूल, म्हणजे देशीच. लॉजिक बघा माझं!

पेरणीच्या आदल्या दिवशी मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो. शेजारी आण्णा येऊन टेकले. आण्णा म्हणजे यात्रा कमिटीचे अध्यक्ष. पांढरी टोपी, आवाज असा की माईक लाजेल.

“काय पावणं, काय काम काढलं?”

मामाने सांगू नको म्हटलं होतं. पण मला कुणी ‘काय काम’ विचारलं की मी थांबतो का?

“दीपमाळ लावायचीये, आण्णा!”

आण्णांचे डोळे मोठे. “काय म्हनता? आन् जागा?”

“मामाने दिली ना. ही काय, देवळाशेजारची.”

“रिव्हर्सनं? सोता व्हऊन?”

“हो, एका शब्दात!”

आण्णांनी टोपी काढून परत घातली. “आमची जुनी पडली तवापासून देवळापुढं लई वंगाळ दिसतं बघा.”

मला काय आनंद झाला! म्हणजे इथेही पूर्वी दीपमाळ होती! “वाळून पडली असेल.”

“नाय वो. पाडली. ट्रॉलीनं.”

“असू दे आण्णा. मातीत काही ना काही राहिलं असेल. परत येईल!”

“परत येईल?” आण्णांचा आवाज जड झाला. “तुमच्या तोंडात साखर पडो. किती उंच करनार?”

“डोक्याच्या वर सहज जाते.”

“बास? बरं, आपलं गाव बारकंच हाये म्हना. मजले किती?”

“पाच-सहा, एकावर एक.”

“आन् सिमिट?”

“छे छे! सिमेंट अजिबात नाही. सगळं नैसर्गिक.”

“दगडात म्हना की!”

“दगडात तर फारच छान होते!”

“चंपाषष्ठीला व्हईल का तयार? डिसेंबर धरा.”

“अहो, तेव्हा तर ऐन रंगात असेल! आणि एकच कशाला, लावायच्या तर भरपूर लावू.”

“भरपूर नको,” आण्णा हात जोडून म्हणाले. “एकच लावा पावणं, पर धड लावा.”

आता मला सांगा, यात मी एक तरी शब्द खोटा बोललो का?

पेरलं. शेळ्या-मेंढ्या घुसू नयेत म्हणून भोवती डोक्याएवढं हिरवं शेडनेट बांधलं आणि पाटी लावली: ‘काम चालू आहे. आत येऊ नये.’ आणि पुण्याला परतलो.

पावसाळाभर आण्णांचे फोन. मला तर भरून यायचं. एक अध्यक्ष माणूस रानफुलाची एवढी चौकशी करतो!

“पावणं, कुठवर आली दीपमाळ?”

“गुडघ्यापर्यंत आलीये!”

पुढच्या महिन्यात, “आता?”

“कमरेच्या वर!”

मग, “छातीला लागली, आण्णा! मामीने व्हिडिओ पाठवलाय.”

“आमी बघत नाय. चंपाषष्ठीलाच नेट सोडायचं. देवाचं काम हाये.”

देवाचं काम! मी ग्रुपवर टाकलं, ‘गावकऱ्यांसाठी निसर्ग हाच देव.’ पाऊणशे लोकांनी हात जोडले.

बाकीच्या फुलांचं विचारू नका. मेंढरांनी नेटखालून मुंडकी घालून सोनकी साफ केली. तेरडा मामीने उपटून गौरी म्हणून बसवला. आणि कुर्डू? कुर्डूची मामीने भाजी केली. मीच दोनदा मागून खाल्ली. वर विचारलं, “मामी, कसली गं भाजी?” राहिली एकटी दीपमाळ. काटेरी ना, कुणी तोंड लावेना.

इकडे मामाचं वेगळंच चाललं होतं. एरवी यात्रा कमिटी त्याला विचारत नसे. आता बैठकीला बोलावणं! चहा! खुर्ची! मामाने फोन केला, “भाच्या, गावाला झाडापाल्याची एवढी आवड असंल असं वाटलं नव्हतं रं. औंदा पालखीचा पयला खांदा मला दिलाय. मला! लोक दत्ताभाऊ म्हनाया लागलेत.” फोनवर मामाने नाक ओढलं. मोठा माणूस, पण रडत होता. मलाही हुंदका आला. दोघंही ठार वेडे.

चंपाषष्ठीला आळेफाट्याला एसटीतून उतरलो, मामाच्या मोटरसायकलवर बसलो, आणि गावच्या फाट्यावर तो फ्लेक्स! मध्ये मी. गॉगल, फुलाफुलांचा शर्ट, मागे गोव्याचा समुद्र. आण्णांच्या पोराने माझ्या प्रोफाइलवरून उचललेला फोटो. डोक्यावर खंडोबा, आणि खाली: ‘नूतन दीपमाळ अर्पण सोहळा. दीपमाळदाते: आपल्या गावचे लाडके भाचे. जागादाते: दत्ताभाऊ.’

तेव्हा तरी कळावं की नाही? मी मामाला काय म्हणालो असेन? “मामा, जागरूकता बघ!” मामानेही मान डोलावली; रोपांचं ते नाव त्याने माझ्याच तोंडून ऐकलेलं.

देवळाशी पोचलो तर ही गर्दी. संबळ वाजतोय, भंडारा उधळतोय, मी दोन मिनिटांत पिवळा. आणि बायकांची रांग लागलेली. प्रत्येकीच्या हातात तेलाची बाटली आणि वाती.

इथे, मंडळी, माझ्या डोक्यात पहिली शंका आली. रानफुलाला तेल कशाला?

“आण्णा, हे तेल...”

“पयलं तेल तुमीच घालायचं!” आण्णांनी मला शाल गुंडाळली, नारळ दिला आणि माईक ओढला. “मंडळी! मागं आपल्या दत्ताभाऊंनी ट्रॉली रिव्हर्स घेतली आन् आपली दीपमाळ आडवी केली. आपुन लई बोललो त्यांना. रिव्हर्स म्हनलो. पर आज मामाची चूक भाच्यानं भरून काढली! पुन्यावरनं नवीन दीपमाळ आनली! येळकोट येळकोट!”

“जय मल्हार!” अख्खं गाव ओरडलं. मी सोडून.

मी मामाकडे बघितलं. मामा माझ्याकडे. खांद्यावर पालखीचा दांडा, आणि चेहरा असा, की जणू ट्रॉली परत मागे चाललीये आणि ब्रेक लागत नाहीये. त्यालाही तेव्हाच कळलं! त्याने नुसते ओठ हलवले: पळ.

कुठे पळू? दोन पोरांनी शेडनेटच्या दोऱ्या कापल्या होत्या.

नेट खाली पडलं.

पाच-सहाशे दीपमाळा! वाऱ्यावर डुलतायत, केशरी फुलांनी लगडलेल्या. मधमाश्यांची गुणगुण, शिंजीर पक्षी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर. इतकं सुंदर काही मी आयुष्यात लावलं नाही. आणि त्या क्षणी सगळं जळून जावं असं वाटत होतं.

संबळ थांबला. पहिल्या नंबरच्या आजींनी बाटली सावरत आत डोकावलं. मग मागे वळल्या.

“आरं, दीपमाळ कुठंय?”

“ही काय आजी,” मी म्हणालो. आवाज कुठून आला माहीत नाही. “हिलाच म्हणतात... दीपमाळ.”

“ह्ये? ह्ये काटेरी बोंडांचं? आरं, उपटून उपटून माझी बोटं वाकडी झाली!”

आण्णांच्या हातातला माईक चालूच होता. त्यातून सगळ्या गावाला ऐकू गेलं, “पावणं... गुडघ्यापर्यंत आली म्हनला व्हता तुमी.”

“आली होती ना, आण्णा.”

“छातीला लागली म्हनला.”

“लागली होती.”

“सिमिट नको म्हनला.”

“नकोच होतं!”

“काम कुठं दिसंना तर मी म्हनलं, पुन्याचं काम, आत रेडिमेड बसवत असत्याल,” आण्णा म्हणाले. त्यांचे गाल थरथरायला लागले. मला वाटलं, आता मार. मी नारळ घट्ट धरला. आणि आण्णा जे हसले! टोपी पडली, माईक पडला, पायरीवर बसून मांड्या थोपटायला लागले. मग आजी. मग बायका, वाजंत्री, पालखीचे खांदेकरी. पालखी अशी हलत होती की देवही हसत असणार.

आणि मामा? मामा सगळ्यात जोरात हसत होता! कारण त्याला कळलं होतं. पुढची कित्येक वर्षं गावात ट्रॉलीचं नाव कुणी काढणार नव्हतं. गावाला नवीन माणूस मिळाला होता.

“दगडाची आपुन सगळी मिळून बांधू,” आण्णा डोळे पुसत म्हणाले. “पर जागा दत्ताभाऊचीच हां! फ्लेक्सवर छापलंय आता.”

मामाने खांद्यावरचा दांडा नीट केला. पहिला खांदा त्याचाच राहिला.

मला मात्र प्रमोशन मिळालं. ‘पावणं’ गेलं. आता गावात शिरलो की पारावरून आवाज येतो, “काय दीपमाळ, कुठवर आली?” आणि दगड उचलायला दर महिन्याला बोलावणं असतं, ते वेगळंच. जोतं झालंय. गुडघ्यापर्यंत आलंय. खरंच!

पण खरा कळस अजून राहिलाय. त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर तुकड्याचा फोटो टाकला. म्हटलं, निदान इथे तरी कौतुक होईल. पहिलंच उत्तर आलं: ‘ही मूळची आफ्रिकेची. देशी नाही. पसरते. काढून टाका.’

मी मामाला वाचून दाखवलं.

“म्हंजी लावनारा पावना, लावली ती बी पावनीच,” मामा म्हणाला. “गावच्या काय त्या माश्याच!” मग हळूच म्हणतो, “थोडी ठेव पर. दोडक्याला औंदा सेटिंग बरी झालीय. तुझ्या ग्रुपला सांगू नको.”

आणि तो फ्लेक्स? मामाने तो काढून आणला आणि कांदा साठवायच्या चाळीत ढिगावर घातला. आजही गेलात तर दिसेन मी, गॉगल लावून, गोव्याच्या समुद्रासकट, कांद्यावर पसरलेला. मी स्वतःची समजूत घालतो, चला, शेवटी एका तरी अस्सल देशी झाडाच्या कामी आलो!

आता ग्रुपवर विचारायचा धीर होत नाहीये... कांदा तरी आपलाच आहे ना हो?