हॉर्नखालचे 'नाही'

दुपारचे जेवण उरकले आहे, आणि निरंजन ओगलेच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीला खिडकी नाही. दार लावले की इथे दिवस-रात्रीचा भेद मावळतो; भिंतींवरचे जाड, मऊ तक्ते बाहेरचा सगळा गलबला पिऊन टाकतात. निरंजन चष्मा काढून टेबलावर ठेवतो, खुर्चीत मागे रेलतो आणि डोळे मिटतो. झोपायचा त्याचा विचार नाही. झोपायलाही अंगात थोडे बळ लागते, आणि तेवढेही आज त्याच्यात उरलेले नाही.

सकाळचा फोन मात्र मिटल्या डोळ्यांआड चालूच आहे.

"ओगले, अण्णांचं ते 'नाही' पाठवाल का मला? रविवारी वर्षश्राद्ध आहे. फोटोपुढं लावायचंय. सगळा सिनेमा नको. मला बघवणार नाही. तेवढंच पाठवा."

बोलणाऱ्या सुलक्षणाताई म्हणजे कोल्हापूरचे जुने नट यशवंत सरनोबत, सगळ्यांचे अण्णा, यांची मुलगी. "संध्याकाळपर्यंत पाठवतो," असे निरंजन बोलून गेला, आणि तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला आहे.

अण्णांचा तो शेवटचा चित्रपट, 'हे म्हणणे खरे नाही'. कोर्टात साक्षीदाराने नकार दिला की नुसते 'नाही' लिहून भागत नाही. "हे म्हणणे खरे नाही की, मी त्या वेळी हजर नव्हतो," असे सबंध वाक्य नोंदवावे लागते. चित्रपटात एका गोदामाच्या पहारेकऱ्याच्या साक्षीत टंकलेखकाच्या हातून 'नाही'च्या जागी 'आहे' पडते, आणि त्या एका शब्दापायी निरपराध माणूस तुरुंगात जातो. शेवटी म्हातारा पहारेकरी पुन्हा पिंजऱ्यात उभा राहतो. वकील कागद फडकावून विचारतो, "हे तुमचंच म्हणणं?" आणि अण्णा म्हणतात, "नाही."

त्या 'नाही'ला शिट्ट्या पडल्या. त्यात उभ्या आयुष्याची रंगभूमी ऐकू येते, असे एका समीक्षकाने लिहिले. वकील मंडळींनी शाल-श्रीफळ दिले. निरंजनला ध्वनीसाठी पुरस्कार मिळाला. आणि ते 'नाही' अण्णांचे नव्हतेच. चित्रीकरणाच्या वेळी नेमक्या त्या शब्दावर बाहेरच्या हमरस्त्यावरून एक ट्रक हॉर्न देत गेला. "राहू दे, डबिंगमध्ये घेऊ," दिग्दर्शिका म्हणाली. डबिंगच्या आधी अण्णा गेले. मग इचलकरंजीचा एक नकलाकार आला, अण्णांच्या आवाजात 'नाही' म्हणाला, चहा प्यायला आणि गाडी चुकेल म्हणून लगबगीने निघून गेला.

काचेपलीकडच्या डबिंगच्या खोलीवरचा लाल दिवा लागतो.

निरंजनने तो लावलेला नाही. आत पहारेकऱ्याच्या खाकी कपड्यांत अण्णा उभे आहेत. डाव्या गालाला बारीकसा फुगवटा आहे. तिथे ज्येष्ठमधाची काडी. ती त्यांच्या तोंडातून कधी निघत नसे, अगदी कॅमेरा चालू असतानासुद्धा. "अण्णा, काडी काढा," असे ओरडून ओरडून दिग्दर्शिकेचाच घसा बसला होता.

"लेका, झोपलास का ऐकतोयस?"

"ऐकतोय, अण्णा."

"मग हेडफोन लाव की. डोळं मिटून ऐकायला भजनाला बसलायस व्हय?"

निरंजन हेडफोन शोधू लागतो आणि त्याच्या हाताला लाकूड लागते. कच्चे, नुकताच रंधा मारलेले, राळेचा वास येणारे. ते पिंजऱ्याचे कठडे आहेत. सातारा रस्त्यालगतच्या रिकाम्या गोदामात चित्रीकरणासाठी कोर्ट उभारले होते, तेच हे कोर्ट. भिंतीवरचा रंग अजून ओला आहे आणि कोपऱ्यातून जुन्या साखरेच्या पोत्यांचा आंबूस वास येतो आहे. न्यायाधीशांची खुर्ची रिकामी आहे. बाहेर कोणीतरी पुकारा करते, "निरंजन ओगले हाजिर होऽ!" आणि तो तर आधीपासूनच पिंजऱ्यात उभा आहे.

अण्णा टंकलेखकाच्या जागेवर जाऊन बसतात. यंत्रात कागद सरकवतात. टंकायला त्यांना एकच बोट येते.

"शपथ घे. ईश्वरसाक्ष खरं सांगीन म्हण. का तेबी इचलकरंजीस्नं कुणाला बोलवून म्हणवून घेणार?"

"अण्णा, तुम्ही नव्हता. काय करणार होतो आम्ही?"

"ते विचारलंय का? विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. कोर्टाचा सिनेमा काढला, एवढंबी शिकला नाहीस." अण्णा काडी दातांत धरून हसतात. "तर माझं म्हणणं असं, की पडद्यावरचं ते 'नाही' माझंच आहे. काय लिहू?"

बाके भरलेली आहेत. तिथे चित्रपटगृहातली माणसे दाटीवाटीने बसली आहेत. कोणाच्या हातात शाल आहे, कोणाच्या हातात नारळ. सगळी माणसे टाळी वाजवायला हात उचलून थांबली आहेत. निरंजनला वाटते, यांना घरी जाऊ द्यावे. किती वेळ हात वर धरून बसायचे माणसांनी! तो नुसती मान हलवतो.

"मान टंकता येत नाही," अण्णा म्हणतात. "तोंडानं बोल."

"लोकांना आवडलं, अण्णा."

"आवडणारच की. पोरगं चांगलं बोललंय. माझ्यापरास जरा जास्तच थरथरलंय. एवढा म्हातारा नव्हतो मी, लेका."

निरंजनला हसू येते. आता ते दोघे नाटकाच्या रंगपटात बसले आहेत. आरशाभोवतीचे दिवे जळत आहेत. अण्णा खोबरेल तेलाचा बोळा चेहऱ्यावरून फिरवताहेत. रंग उतरतो आहे तसा खालचा चेहरा अधिकाधिक थकलेला दिसतो आहे. आरशात मात्र रंगपट नाही. आरशात दवाखान्याची खाट आहे, सलाईनची बाटली आहे, आणि खाटेच्या कडेला डोके टेकून सुलक्षणाताई झोपल्या आहेत.

"सुलक्षणाताईंनी ते 'नाही' मागितलंय," निरंजन हळू आवाजात सांगतो, जणू आरशातल्या बाईला जाग येईल. "फोटोपुढं लावणार आहेत."

"ठाव हाय."

"काय करू?"

अण्णा बोळा खाली ठेवतात. "ह्या पोरीला माझं दुसरं काय ऐकायला मिळालं? सारखा दौऱ्यावर. घरी आलो की हिची मागणी सुरू. जत्रेला नेता? नाही. सायकल घेता? नाही. चार दिवस ऱ्हाता? नाही. माझ्या 'नाही'वर ती पोर मोठी झालीया. तिला कळणार नाही म्हणतोस, कुठलं बापाचं आन् कुठलं परक्याचं?"

"मग खरं सांगून टाकू?"

"मी काय सांगणार बाबा? मी मेलेला माणूस. साक्ष तुझी चाललीया."

"पण खरं सांगितलं तर त्यांच्या हातात काहीच उरत नाही, अण्णा. खोटं का होईना, एक 'नाही' तरी आहे."

अण्णा आरशातून त्याच्याकडे बघतात. "त्या हॉर्नच्या खाली काय हाय?"

"काही नाही. नुसता हॉर्न."

"ऐकलंयस?"

तो तुकडा निकामी ठरला त्या दिवशी निरंजनने तो बाजूला ठेवला आणि पुन्हा कधी उघडला नाही. हॉर्न ऐकायचा कशाला?

"टाकलास का ठेवलायस?"

"ठेवलाय."

"मग? कान काय भाड्यानं दिलेस?"

दूरवरून ट्रकचा हॉर्न ऐकू येऊ लागतो. रंगपटाचे दिवे थरथरतात. पिंजऱ्याचे कठडे पुन्हा हाताला लागतात, आणि बाकांवरची माणसे अजून तशीच हात उचलून बसली आहेत. हॉर्न गोदामाच्या पत्र्यांवर येऊन आदळायच्या आत निरंजन बोलतो. त्याचा स्वतःचा आवाज त्याला फार साधा वाटतो, कुठल्याही पुरस्कारायोग्य नसलेला.

"हे म्हणणे खरे नाही."

अण्णा एका बोटाने ते टंकतात. शेवटच्या शब्दापाशी थांबून, मान वाकडी करून, अक्षर तपासतात. बाकांवरचे हात एकेक करून खाली येतात. टाळी कोणीच वाजवत नाही. माणसे उठतात, नारळ काखोटीला मारतात आणि बोलत बोलत घरी निघतात.

"कानामात्रा बघून घे आन् सही कर," अण्णा कागद पुढे सरकवतात.

"पेन?"

"हे घे." आणि ते गालातली काडी काढून त्याच्या हातात देतात.

निरंजन डोळे उघडतो. वातानुकूलन यंत्राची घरघर तेवढी चालू आहे. काचेपलीकडचा लाल दिवा विझलेला आहे. चष्मा टेबलावर जिथे ठेवला तिथेच आहे. उजवी मूठ आवळलेली आहे, आणि मुठीत ज्येष्ठमधाची काडी. चघळलेले टोक चेचून झाडूसारखे झालेले, आणि ओले.

तो तिच्याकडे बराच वेळ बघतो. कोठून आली, हे स्वतःला विचारायचे तो टाळतो. मग डाव्या हाताने तो जुने मुद्रण शोधून काढतो. अण्णांच्या सदऱ्याला आतून लावलेल्या छोट्या माइकवरचा तो तुकडा आहे. हॉर्नचा कर्कश आवाज जमेल तेवढा खाली दाबतो, कान जवळ नेतो. 'नाही' हाती लागत नाही. हॉर्नने ते पार चिरडले आहे. पण त्याच्या अलीकडे, हॉर्न चढायच्या आधीच्या पोकळीत, एक श्वास आहे. आणि श्वासानंतर अगदी स्पष्ट, दातावर लाकूड लागल्याचा एक बारीक आवाज. काडी या गालातून त्या गालात गेल्याचा.

टक्.

निरंजन फोन लावतो.

"सुलक्षणाताई, सिनेमातलं ते 'नाही' अण्णांचं नाही. दुसऱ्या माणसाचं आहे. त्यांचं ट्रकच्या हॉर्नखाली गेलं."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी होते आणि कोणीतरी गॅस बंद करते.

"मग अण्णांचं काय आहे तुमच्याकडं?"

"ऐका," तो म्हणतो, आणि फोन स्पीकरजवळ धरतो.

श्वास. टक्.

सुलक्षणाताईंचाही श्वास ऐकू येतो, नाकातून अडखळत येणारा. मग त्या म्हणतात, "ह्या काडीपायी आईची किती बोलणी खायचे ते." आणि थोड्या वेळाने, "परत लावा."

निरंजन परत लावतो. मुठीतली काडी अजून ओली आहे.