पाटीखालची खुर्ची

अक्षर वाकडं आहे आणि वेलांट्या चुकतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन्सिल हातात आली ती चामडं आखायलाच. मी घरी बसून चपलांच्या वेण्या घालायची.

नव्वद साली मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, पाय मोडला तेव्हा आमच्या मंडळीतल्या एका वडिलांनी, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांनी, दवाखान्याचे पैसे दिले. व्याज घेतलं नाही. व्याजाऐवजी ते दर रविवारी जेवायला येऊ लागले.

आमच्याकडे खुर्ची एकच. सासूबाईंचे गुडघे झिजत चाललेले, म्हणून ती त्यांची. पण वडील दारात दिसले की सासूबाई भिंतीला धरून खाली बसायच्या. खुर्चीमागे पाटी होती, 'या घरात ख्रिस्त पहिला'. ती वडिलांनीच दिलेली. खिळा जरा खाली ठोकला गेला होता, त्यामुळे ते टेकून बसले की त्यांचं डोकं बरोबर 'ख्रिस्त' या शब्दावर यायचं. मी समोर बसून उरलेलं वाचायची, 'या घरात पहिला'. खरंच होतं. मटणातली नळीही त्यांनाच.

जेवणाआधी प्रार्थना तेच करायचे, रस्सा निवेपर्यंत. "प्रभू, या घराला दिलेला शब्द पाळायची बुद्धी दे. विशेष करून महिनाअखेरीला." आम्ही सगळे आमेन म्हणायचो. मालक जरा हळू म्हणायचे.

एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी उपदेशात सांगितलं, सगळी सिंहासनं, सगळ्या सत्ता ख्रिस्ताच्या खाली आहेत. वडील पुढच्या बाकावरून सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणाले. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच, सिंहासनं त्याच्या खाली, मग आमची लोखंडी खुर्ची कुणाच्या खाली?

वडील आले. सासूबाई उठायला लागल्या. पुरुषमाणसासमोर माझा आवाज निघत नसे. त्या दिवशी एवढाच निघाला, "आत्याबाई, बसा की."

"मग मी कुठं बसू?" वडील म्हणाले.

मी चटई दाखवली.

"पैसं घेताना एवढी धीट न्हवतीस, सूनबाई."

"तवा माझं गुडघंबी बरं हुतं," सासूबाई म्हणाल्या.

ते चटईवर बसले, कारण मटण शिजलं होतं. प्रार्थनेत मात्र त्यांनी देवाला सांगितलं की सगळे पैसे ईस्टरच्या आत मिळावेत. मी आमेन म्हटलं, आणि या खेपेला मनापासून.

मग बोटं सोलवटेपर्यंत वेण्या घातल्या. रविवारचं मटण बंद केलं, तशी वडिलांची ये-जाही थांबली. ख्रिस्त पहिला म्हणजे काय, ते मला पाळकांसारखं सांगता येणार नाही. मला कळलं ते एवढंच, की भीतीपोटी दुसऱ्या कुणाला त्याच्या जागी बसवायचं नाही, आणि ज्याचे गुडघे दुखतात त्याला आधी बसवायचं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मालक आणि मी वडिलांच्या घरी गेलो. तिथं खुर्च्या पुष्कळ होत्या, बसा कुणी म्हणालं नाही. उभ्यानंच पैसे दिले. त्यांनी थुंकी लावून दोनदा मोजले. पुरते भरले.