पिस्तूल कमरेला, जमादार पंगतीला

झरी गावच्या एका लग्नात पंगतीला मांडी घालून बसलो, तेव्हा माझ्या पिस्तुलाचं तोंड माझ्याच मांडीत रुतत होतं. पुढ्यात बुंदी होती. शेजारी आमचे तात्यासाहेब. पुढारी माणूस. जिवाला धोका आहे असा अर्ज त्यांनी स्वतःच केला होता. कुणापासून, ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही.

मी तेव्हा जिल्हा पोलिसांत हवालदार. आमच्या भागात हवालदाराला जमादार म्हणतात. तात्यासाहेबांचा अंगरक्षक म्हणून साध्या कपड्यांत ड्युटी होती. म्हणजे पिस्तूल दिसायला नको. रुबाब दिसायलाच हवा असं कुठल्या आदेशात नव्हतं, ती जबाबदारी मी आपणहून घेतली होती.

सरकारी होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं घर, पट्ट्याच्या बाहेर लटकायचं. कडक चामडं, वर झाकण, झाकणाला बटण. शर्टाखाली ते कमरेला गळू आल्यासारखं दिसे. म्हणून मी परभणीत बॅगा शिवणाऱ्या सलीमभाईकडून पँटच्या आत खोचायचं मऊ होल्स्टर शिवून घेतलं. मापाला पिस्तूल दिलं नाही, कागदावर चित्र काढून दिलं. तेवढी अक्कल शाबूत होती.

"जमादार, चमडा लय नरम हाय," सलीमभाई म्हणाला. "पिस्तूल काढलं की तोंड मिटून जाईल. आत पत्रा टाकू का?"

मी म्हणालो, नको, टोचतो. त्याने खांदे उडवले आणि शिवून दिलं.

आता थोडं शास्त्र. गोळ्या मॅगझिनमध्ये असतात आणि मॅगझिन पिस्तुलाच्या मुठीत. गोळी उडायची तर ती आधी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या बाजूला यावी लागते. त्यासाठी वरची स्लाइड मागे ओढून सोडतात. आम्हाला शिकवलेलं साधं होतं: चेंबर रिकामं ठेवा, वेळ आली की ओढा. याला एक सेकंद लागतो. मी तो सेकंद वाचवायचं ठरवलं. गोळी चेंबरमध्ये आणि सेफ्टीचा खटका लावलेला, असा मी लग्नालग्नातून हिंडत होतो. त्या एका सेकंदात झरीत कोण चाल करून येणार होतं, नवरदेवाच्या मावशा?

लग्नसराईत तात्यासाहेबांची दिवसाला सात-आठ लग्नं असत. प्रत्येक ठिकाणी पंगतीला बसायचं, दोन घास खायचे, उठायचं. बसलं नाही तर यजमान पाच वर्षं लक्षात ठेवतो. आणि साहेब उठायच्या आत अंगरक्षक उभा पाहिजे. मांडी घातली की नळी टोचायची, म्हणून मी एक शक्कल काढली होती. बसलं की हळूच पिस्तूल काढून शर्टाखाली मांडीवर घ्यायचं, उठताना परत खोचायचं. त्या दिवशी आधीच्या चार लग्नांत हे बिनबोभाट जमलं होतं. गाढवपणा चारदा निभावला की माणूस त्याला अनुभव म्हणायला लागतो.

झरीत मांडवाच्या तोंडाशीच आमचा मान झाला. डोक्यावर टोपी, गळ्यात टॉवेल. मानाचा टॉवेल लगेच काढून ठेवला तर यजमानाला वाईट वाटतं, म्हणून मी तो तसाच गळ्यात ठेवून जेवायला बसलो. लांबलचक, दशा सोडलेला, ऐन कमरेपर्यंत लोंबणारा.

तात्यासाहेबांनी दुसरा घास गिळला आणि हात धुवायला पाणी मागितलं. मी गुडघ्यावर उठलो, नजर साहेबांवर ठेवली आणि न बघता पिस्तूल खोचलं. ते अर्ध्यात अडकलं. इथे शहाणा माणूस थांबतो, पिस्तूल बाहेर काढतो आणि काय अडकलंय ते बघतो. मी जोर लावला.

होल्स्टरचं तोंड मिटलेलं होतं. टॉवेलच्या दशा पिस्तुलाबरोबर आत गेल्या होत्या आणि ट्रिगरला गुंडाळल्या होत्या. सेफ्टीचा खटका दिवसभराच्या काढघालीत कधीतरी सरकला होता. बोटाने एकदा चाचपला असता तर कळलं असतं.

गोळी सुटली. पँट फाडून, मांडीचं कातडं ओरबाडून मातीत घुसली. बाहेर बँड वाजत होता, फटाके फुटत होते. पंगतीत दोघा-तिघांनी माना वर केल्या आणि पुन्हा बुंदीत घातल्या. एकच माणूस जागचा हलला नाही. वाढपी किसनमामा, साठीचा, हातात वरणाची बादली. त्याच्या उजव्या पायापासून चार बोटांवर जमिनीत भोक पडलं होतं. त्याने भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जमादार," तो सावकाश म्हणाला, "वरन पायजे व्हतं तर हाक मारायची. गोळी कामून मारायलाव?"

शेजारचे हसले. मला हसू आलं नाही, कारण ते भोक आणि मामाचा पाय यांच्यामधली चार बोटं मला दिसत होती.

मांडवामागे तात्यासाहेबांनी मला बाजूला घेतलं. फटाका होता म्हणायचं, हिशेबात कमी पडणाऱ्या एका गोळीची सोय करता येते, म्हाताऱ्याला ते बघून घेतील. माझी वीस वर्षांची नोकरी पणाला लागलेली. मला तो सल्ला फारच विद्वत्तेचा वाटला. मांडीला तोच टॉवेल बांधून मी लंगडत किसनमामाकडे गेलो आणि म्हणालो, मामा, झालं ते पोटात ठेवा.

मामा बादली विसळत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"मला काय बी नगं. पर तुमच्या पोलिसातल्या सायबाला सांगा. उद्या तुमच्या जागी दुसरा कुणी असंच कमरंला लावून येईल. त्याच्या म्होरं बी मीच वाढायला आसतो."

मांडीला पट्टी करून घेतली आणि परभणीला जाऊन राखीव निरीक्षकांसमोर उभा राहिलो. जिल्ह्याची शस्त्रं त्यांच्या ताब्यात. टेबलावर पिस्तूल ठेवलं, रिकामी पुंगळी अजून त्यातच अडकलेली. शेजारी सलीमभाईचं होल्स्टर आणि रक्ताळलेला टॉवेल. निरीक्षकसाहेबांनी पेनच्या टोकाने होल्स्टर उचलून पाहिलं.

"हे कुणी दिलं?"

"मीच शिवून घेतलं, साहेब."

"कशाला?"

"दिसू नये म्हणून."

साहेब म्हणाले, "आता तात्यासाहेबांना तुमच्यापासून संरक्षण द्यायला कुणाला पाठवू, तेवढं सांगा."

चौकशी झाली. एक वेतनवाढ गेली, अंगरक्षकाची ड्युटी गेली, शस्त्रागारात बदली झाली. तिथे प्रत्येक नव्या अंगरक्षकाला पिस्तूल देण्याआधी साहेब माझ्याकडे पाठवायचे. मी आधी मांडीवरचा डाग दाखवायचो, मग बोलायचो. होल्स्टर कडक हवं, ट्रिगर पूर्ण झाकणारं, तोंड न मिटणारं. चेंबर रिकामं. पंगतीत बसायचंच नाही, पुढारी जेवत असताना मागे उभं राहायचं, भूक लागली तर लागू द्यायची. पिस्तूल एकदा आत गेलं की उगाच बाहेर काढायचं नाही. काढलंच, तर शर्ट, टॉवेल, उपरणं सगळं बाजूला करून, डोळ्यांनी बघत परत ठेवायचं.

पिस्तूल काढायची घाई असू शकते, ते मी मान्य करतो. ठेवायची घाई मात्र तीस वर्षांच्या नोकरीत एकदाच पाहिली, आणि ती तात्यासाहेबांचा दुसरा घास संपला म्हणून होती.