कोकरू हातात आणि कुत्रा वाटेत

ग्रुपवर सकाळपासून ‘फोटो कुठे?’ चाललंय, म्हणून लिहिते. फोटो टाकणार नाही.

कोकरू कुशीत घेतलेल्या बाईंचा इथला फोटो मला आवडला होता. तसाच काढायला काल कुंभारीला गेले. शेतात जाळी लावून एक मेंढी आणि तिचं नवं कोकरू ठेवलं होतं. राखणीला कुत्रा. त्याने मला मुकाट आत सोडलं. कॅमेरा टायमरवर लावून मी कोकरू उचललं, तसा तो वाटेत उभा राहिला.

पाऊल उचललं की गुरगुर. कोकरू ठेवायला वाकले की दात. हात भरून आले, कोकरू भुकेने ओरडत होतं.

शेवटी धनगरीण आली. “बाई, चोराय आलाय काय?”

“नाही हो, फोटोसाठी.”

“फुटूसाठी व्हय! द्या हितं. माज्या हातात दिल्याबिगर त्यो सोडत न्हाय.” मग कोकरू हुंगून म्हणाली, “तुमच्या पावडरीचा वास लागलाय की. आता आय जवळ घेतीय का बगू.”

मेंढीने तोंड फिरवलं. तिचा वास परत यावा म्हणून धनगरणीने तिचंच दूध कोकराच्या पाठीला चोळलं. मेंढी कोकराला हुंगेपर्यंत मी तिथेच थांबले.

मला आवडलेल्या त्या फोटोतल्या बाईंनी कोकरू कुणाला विचारून उचललं होतं?

नोंद असावी: कोकरू मालकिणीच्या हाती दिलं. आईने ते जवळ घेतलं.