सोमारीबाईची नाडी

नर्सिंग कॉलेजातल्या पूर-बचावाच्या सरावात शगुफ्ताचे हात असे थरथरले, की जखमी बनून निजलेल्या सोमारीबाईची नाडी तिला सापडलीच नाही आणि तिच्या मनगटाला तिनं मेलेल्याची काळी फीत बांधली. सोमारीबाई नर्सिंग होस्टेलची स्वयंपाकीण. सगळा वर्ग हसला. शगुफ्ता शिक्षण सोडून वडशाला घरी जायला बॅग भरू लागली.

"मी जित्ती हाओ पोरी," सोमारीबाईनं दारात येऊन हात पुढं केला. "रोज पयले माही नाडी पाय, मंगच ताट घे."

वर्षभर तसंच चाललं. पुढच्या पावसाळ्यात भामरागडच्या पूरग्रस्तांसाठी मुलींना नेलं, तेव्हा शगुफ्ताची बोटं एकाही मनगटावर थरथरली नाहीत.

परतल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. सोमारीबाईनं सवयीनं पिठाचा हात पुढं केला. शगुफ्तानं नाडी मोजलीच नाही. तो हात तसाच डोळ्यांना लावला.