पट्टीखालचं नाव

गाव सोडलं त्या सकाळी अब्बांनी माझ्या नव्या बॅगेवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव लिहिलं. समीर उस्मान पाटील. खाली मुक्काम पोस्ट, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर फळ्यावर घोटलेलं ते अक्षर, गोल आणि ठसठशीत. रंग वाळत नव्हता, जीपवाला हॉर्न वाजवत होता आणि अब्बा वहीच्या पुठ्ठ्याने बॅगेला वारा घालत बसले होते. आई दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत होती, हात लावू नका, ओलं आहे. आमच्या गावात मुसलमान पाटील असतात याचं कुणाला नवल वाटत नाही.

मला मात्र मुंबईच्या विमानतळावर, रांगेत उभं असताना धास्ती बसली. नावावरून बाजूला घेतात, खोलीत तास तास बसवतात, असं बरंच ऐकलं होतं. लोणच्याच्या बरणीला लावून उरलेली तपकिरी चिकटपट्टी बॅगेच्या कप्प्यात होती. तिचा तुकडा तोडून मी ‘उस्मान’वर चिकटवला. पासपोर्टवर तेच नाव इंग्रजीत ठळक छापलेलं आहे, हे त्या घाईत सुचलंसुद्धा नाही. शिकागोच्या अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारले, शिक्का मारला आणि वेलकम म्हणाला. देवनागरी त्याला कुठून येणार? ती अक्षरं वाचता येणारी माणसं बाहेर उभी होती, आणि ती आपलीच होती.

मला न्यायला आले होते सुहासदादा. पुण्याचे, माझ्याच कंपनीतले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. बॅग उचलताना त्यांनी वाचलं, “समीर पाटील. अरे वा, बॅगेला पत्ता! चल, वहिनीनं पिठलं केलंय.” त्या हिवाळ्यात त्यांचा जुना कोट मी घातला. बर्फात गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. पुढे रेश्मा लग्न होऊन आली, साराचा जन्म झाला, तेव्हा डिंकाचे लाडू वहिनींनी केले. मराठी मंडळाच्या नाटकात मी चार वेळा काम केलं, गणपतीत माइक आणि स्पीकर अजून माझ्याकडेच असतात. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. समीर, रेश्मा, सारा, कुठल्याही धर्मात खपतील अशी नावं. मुलीचं नाव ठेवताना आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता ते नाव निवडलं होतं, हे आज कबूल करतो.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या पलीकडे आमचं लहानसं गाव आहे. तिथे शुक्रवारची नमाज एका ऑफिस पार्कमध्ये होते, दाताच्या डॉक्टरच्या शेजारच्या भाड्याच्या हॉलमध्ये. मी काही फार मोठा नमाजी नाही. शुक्रवारी दुपारी मी कुठे जातो, तर ऑफिसला वाटतं जिमला, आणि माझं पोट बघूनही त्यांना शंका येत नाही. दोन वर्षांपूर्वी लोकांनी मिळून बंद पडलेलं एक फर्निचरचं दुकान घेतलं, मशिदीसाठी. त्याला गावाची परवानगी लागते. इथे त्यासाठी सुनावणी असते. कुणीही यावं, माइकसमोर नाव-पत्ता सांगावा आणि तीन मिनिटं बोलावं.

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सकाळी सुहासदादांचा लांबलचक मेसेज आला. वर ट्रॅफिक, पार्किंग, घरांच्या किमती. खाली एक ओळ होती: ‘या लोकांना डेमोक्रसी पचत नाही आणि इथे येऊन तिचाच फायदा घेतात.’ शेवटी, मशिदीविरुद्धच्या अर्जावर ज्यांचं नाव घालायचं त्यांनी थम्स अप द्या. मी मीटिंगमध्ये होतो. सुहासदादांचा मेसेज दिसला की अंगठा द्यायचा, ही पंधरा वर्षांची सवय. न वाचताच दिला. अब्बांनी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अख्ख्या गल्लीला अंगठ्यावरून सहीवर आणलं, आणि त्यांचा इंजिनियर मुलगा सहीवरून अंगठ्यावर आला.

संध्याकाळी रेश्माने फोन माझ्यासमोर धरला. अर्ज गावाच्या वेबसाइटवर होता आणि अकराव्या नंबरवर मी होतो. ती ओरडली नाही. सारा तिच्या खांद्यावरून वाचत होती. “बाबा, इज दॅट यू?” मी म्हणालो, चुकून झालं. “देन अनडू इट,” ती म्हणाली आणि गृहपाठाला गेली. बारा वर्षांच्या मुलीपुढे इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सुहासदादांना नुसतं ‘माझं नाव काढा’ म्हणालो असतो तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं. तो फोन मी रोज उद्यावर ढकलत राहिलो. नमाजच्या हॉलमध्येही वातावरण तंग होतं. एक वयस्कर गृहस्थ सांगत होते, वकील बोलेल, आपण पाहुण्यासारखं गप्प राहावं. एक तरुण उसळून म्हणाला, मत, अर्ज, सुनावणी हे सगळं इथल्या लोकांचं नाटक, आपल्या धर्माचा त्याच्याशी संबंध काय? मला दोघांचा राग आला. आणि मला सुहासदादांची ती ओळ आठवली. दोन्हीकडच्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं: लोकशाही आमची नव्हेच.

माझे अब्बा प्रत्येक निवडणुकीला ड्युटीवर असायचे. एकदा रमजानमध्ये मतदान आलं. रोजा ठेवून, घोटभर पाणीसुद्धा न घेता, ते दिवसभर केंद्रावर बसले. यादीतलं प्रत्येक नाव मोठ्याने वाचायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणजे समोर बसलेल्या सगळ्या पक्षांच्या माणसांना हरकत घ्यायची तर घेता येते. घसा बसला तरी त्यांनी एकही नाव अर्धं वाचलं नाही. मी डबा घेऊन सूर्यास्ताला गेलो होतो. त्यांनी खजूर तोंडात टाकला आणि म्हणाले, “मत लपवायचं असतं, बेटा. नाव नाही.” तेव्हा मला ती नियमाची गोष्ट वाटली होती.

सुनावणीला हॉल गच्च भरला होता. मागे मंडळाची माणसं एका रांगेत, सुहासदादा कडेला. एक गोरे आजोबा म्हणाले, माझा कुणाला विरोध नाही, पण. त्या ‘पण’नंतर पुढची तीन मिनिटं गेली. त्यांच्यामागून एक गोऱ्या बाई आल्या. त्यांच्या आजोबांचं चर्च उभं राहू नये म्हणूनही याच गावात अर्ज आला होता, तेव्हाही पार्किंगचंच कारण होतं, असं त्या म्हणाल्या. मग माझं नाव पुकारलं.

“समीर उस्मान पाटील,” मी म्हणालो, आणि पत्ता सांगितला. “अर्जावर अकरावं नाव माझं आहे. ते काढा. मी याच मशिदीचा आहे.” मग मी अब्बांच्या ड्युटीचं सांगितलं, तुटक इंग्रजीत, जसं सुचेल तसं. तीन मिनिटं संपल्याचा लाल दिवा लागला तेव्हा वाक्य अर्धंच होतं. मागे वळलो तर सुहासदादांची खुर्ची रिकामी होती.

निर्णय पुढे ढकलला, आजही लागलेला नाही. ग्रुपवर माझ्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो. गणपतीच्या माइकबद्दल यंदा विचारणा झाली नाही. रेश्मा म्हणते, सुटलो. मला तसं वाटत नाही. मला त्या माणसांची आठवण येते, अगदी राग असतानाही.

डिसेंबरात मी एकट्यानेच गावी जायचं ठरलं. बेसमेंटमधून ती जुनी बॅग काढली आणि पट्टी ओढली, तर तिच्यासोबत रंगही निघून आला. ‘उस्मान’ पट्टीच्या पोटाला उलटा चिकटला होता. साराने पांढरा मार्कर आणला आणि मी मधल्या रिकाम्या जागेत नाव पुन्हा लिहिलं. अक्षर वाकडं आलं. अब्बांना ते बघताक्षणी कळणार, मधलं नाव त्यांच्या हातचं नाही. ते विचारतील, आणि मला सांगावं लागेल.

गावी जाताना विमानतळावर दरवेळी सुहासदादा सोडायचे. मी टॅक्सी सांगून ठेवली होती. आदल्या दिवशी त्यांचा मेसेज आला, ‘टॅक्सी कॅन्सल कर. दोन वाजता येतो.’ वाटेत वहिनींच्या गुडघ्याविषयी बोलणं झालं, बाकी काही नाही. अर्जावरची त्यांची सही अजून तशीच आहे. डिपार्चरच्या दारात त्यांनी बॅग खाली उतरवली आणि वाकून बघत राहिले.

“समीर,” ते थांबले. “उस्मान पाटील.” मोठ्याने, पूर्ण.

“हो, दादा,” मी म्हणालो.

“पोचलास की फोन कर,” म्हणाले, आणि गाडीत बसले.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, घर कुठलं असं आता कुणी विचारलं तर मी बॅगेवरचा पत्ता सांगतो आणि नेपरव्हिलच्या पलीकडचाही. दोन्हीकडे मला पोचायचं आहे, संपूर्ण नावानिशी. विमानात बसल्यावर मी अब्बांना काय सांगायचं याची मनात उजळणी केली, आणि ‘मी तुमच्या नावावर पट्टी लावली’ याच्या पुढे मला काही जाता येईना.