न्हाणीची कडी

आई पडली तेव्हा मी मागच्या पडवीत दाढी करत होतो. न्हाणीत तांब्या दगडावर आपटला, गडगडत मोरीकडे गेला आणि मग सगळं चिडीचूप झालं. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी दाराशी धावलो. दार आतून बंद. "आये! आये गो!" काही उत्तर नाही. माझी तर पाचावर धारण बसली. दार ढकलावं तर आत आई कशी असेल, आणि न ढकलावं तर ती कशी असेल, या दोन विचारांत मी नुसता कडेला उभा होतो.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला. "येव नको रे भुतूर! मी पडाक नाय. बसलंय."

बसली होती म्हणे. लुगडं नीट गुंडाळून होईपर्यंत तिनं तोंड उघडलं नव्हतं. उत्तर दिलं असतं तर मी आत घुसलो असतो, ही तिची भीती. बाहेर आली तेव्हा मनगट टम्म सुजलेलं, आणि चेहरा असा की जणू बाजारातून मासे घेऊनच आली.

आरोंद्याला खाडीच्या अंगाला आमचं घर आहे आणि घरात आम्ही दोघंच. बहीण लग्न होऊन कुडाळला गेली. माझं लग्न झालं नाही, त्याची कारणं आता मलाही आठवत नाहीत. रस्त्यावर माझं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. आईची नजर साखरेनं खाल्ली. तिला उजेड कळतो, अंधार कळतो, समोर माणूस उभं असलं तर तेवढी सावली कळते. बाकी सगळं घर ती हातापायांनी ओळखते. आणि मी जन्माचा भित्रा. लहानपणी खाडीवरच्या होडीत बसायलासुद्धा मी रडायचो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझा ब्रह्मराक्षस न्हाणीत राहायला आला होता.

डॉक्टरांनी मनगट बघितलं आणि म्हणाले, हे बरं होईल, पण या वयात खुब्याचं हाड मोडलं तर... पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. घरी आल्यावर ते मी रोज पूर्ण करत बसलो.

न्हाणी म्हणजे स्वयंपाकघराच्या मागे काढलेली चिऱ्यांची एक खोली. वर कौलं, खाली वर्षानुवर्षं पाण्यानं गुळगुळीत झालेला काळा दगड, त्याच्या कडेनं शेवाळ. डाव्या हाताला चुलवण आणि त्यावर तांब्याचा हंडा, उजवीकडे लाकडी दार. दाराला पाणी बाहेर येऊ नये म्हणून चांगला उंच उंबरा. खाऱ्या हवेनं कडी गंजून लाल झाली होती. मला ती खोली आता खोली वाटेना, सापळा वाटायला लागला. सगळं बदलायचं असं मी ठरवलं. पैसे बेताचेच होते, म्हणून जे मिळेल ते घेत सुटलो. पांढऱ्या चकचकीत लाद्या एका बंगल्याच्या कामातून उरलेल्या मिळाल्या, त्या भिंतींना. जमिनीला खडबडीत, त्या तेवढ्या दुकानातून नव्या आणल्या. धरायला भिंतीत स्टीलची दांडी. बसायला प्लॅस्टिकचं स्टूल. दार पीव्हीसीचं, चौकटीसकट तयार. चुलवण काढून टाकायचं, पाणी मी पडवीत तापवून बादलीतून आणून देणार. आणि तो उंबरा तर पहिल्यांदा फोडायचा.

बहिणीला मोबाइलवर लाद्यांचे फोटो पाठवले. ती म्हणाली, "दादा, सगळा फोटोत बरा दिसता. पण आयेक विचारलंस काय?"

आयेक काय विचारायचं? तिला दिसणार थोडंच होतं? असं मी तोंडानं बोललो नाही, पण मनात आलं ते खरं. आईला मी फक्त एवढंच सांगितलं की दाराला आतून कडी ठेवणार नाही.

त्यावर ती जी उसळली!

"कडी नाय तर आंगोळ नाय. झील झालंस म्हणान काय झाला? पुरुष माणूस तो पुरुष माणूस."

"अगो, पण पडलंस तर मी भुतूर कसो येवचो?"

"येवच नको. मी पडाक नाय, बसलंय. कितीदा सांगू?"

पोटच्या मुलालाही सूट नव्हती. शेवटी कडी राहिली. आईपुढे माझं कधी चाललं आहे?

गवंडी गावातलाच, तोंडाचा मोठा. पहार घालून उंबरा उखडताना म्हणाला, "काय घाबरतास ओ! हेच्यार रेडो धावलो तरी घसराचो नाय." आईनं पडवीतून विचारलं, न्हाणीतला दगड खंय ठेवलास? तो मागच्या माडाच्या मुळाशी टाकला होता. तिथं जाऊन तिनं त्याच्यावरून हात फिरवला आणि परत येऊन बसली. काम चालू असेपर्यंत ती शेजारच्या घरी आंघोळीला जात होती. मी तिला पोचवायचो आणि परत येऊन लाद्या घासून बघायचो. पायानं घासायचो, ओल्या पायानं घासायचो, साबण ओतून घासायचो. गवंड्याचं काय, तो हसायला मोकळा.

न्हाणी तयार झाली तेव्हा खरंच सुंदर दिसली. दिवा लावला की नुसती झळाळायची. मी आईला कौतुकानं दाराशी घेऊन गेलो. तिनं पाय उचलला. उंबऱ्यावर टाकण्यासाठी जेवढा उचलायचा तेवढा, वर्षानुवर्षं उचलला तेवढा. उंबरा नव्हता. पाय हवेतून आला तो जोरात आणि उशिरा आला, आणि आई पुढे झुकली. मी धरली म्हणून, नाहीतर पहिल्याच दिवशी तिचं डोकं त्या सुंदर लादीवर आपटलं असतं.

"उंबरो खंय गेलो रे?" ती म्हणाली.

माझे हात तिच्या खांद्यावर तसेच अडकून राहिले. मी विचार केला होता तो फक्त घसरण्याचा. तिच्या अंगात पाठ झालेलं घर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग मी तिचा हात धरून सगळं दाखवलं, ही दांडी, हे स्टूल, इथं बादली, कडी आता डाव्या हाताला. तयार दार होतं ना, बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला आल्या होत्या. ती "व्हय, व्हय" म्हणत होती.

नंतरचे दिवस मी दाराबाहेर खुर्ची टाकून काढले. हातात पेपर धरायचा, वाचायचा नाही, कान आत. आणि तिथंच मला नवीनच भीती लागली. आत आवाजच येईना. पूर्वी तांब्या हंड्यावर वाजायचा, दगडावर वाजायचा, आंघोळ कुठवर आली ते मला दुकानाचं कुलूप शोधतानासुद्धा कळायचं. आता मनगट दुखतं म्हणून मीच तिला हलका प्लॅस्टिकचा मग दिला होता. तो मग, ते स्टूल, ते दार, सगळंच मुकं. पाणी ओतल्याचा आवाज थांबला की मी पेपर खाली ठेवायचो. साबण लावते आहे, मी स्वतःला सांगायचो. पाठ घासते आहे. आता ओतेल. ओतलं, की मी पेपर परत उचलायचो. दुकान उशिरा उघडायला लागलं. पोरं वह्यांसाठी येऊन परत जायची.

एका सकाळी ओतणं थांबलं ते परत सुरूच झालं नाही.

मी वाट बघितली. मग खोकलो. ती नेहमी त्यावर काहीतरी बोलायची, निदान चिडायची. काही नाही. उठून दाराला कान लावला. आत काहीच नाही, पाणीसुद्धा नाही.

"आये?"

काही नाही.

दार मोडायला कितीसा वेळ लागणार? ते दार म्हणजे पुठ्ठ्यासारखं. मी खांदा लावला आणि तसाच थांबलो. दार आत उघडत होतं. आई दाराशीच पडली असेल तर? मी धक्का मारला आणि दार तिच्याच डोक्यावर बसलं तर? मी खांदा काढून घेतला, परत लावला, परत काढला. शेजाऱ्यांना हाक मारायलाही आवाज फुटेना. डॉक्टरांनी सोडून दिलेलं ते वाक्य डोक्यात नुसतं गरगरत होतं. आपण हिला मारली, लाद्या लावून मारली, असं मी मनात स्पष्ट म्हटल्याचं मला आठवतं.

मग दारावर आतून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. हात फिरत होता. दारावरून भिंतीवर गेला, परत आला.

"आये, काय झाला गो?"

आतून अगदी बारीक आवाज आला. "माका कडी गावणा नाय."

साबण हातातून निसटला म्हणून ती वाकली, वळली आणि तिची दिशाच हरवली. पूर्वी डाव्या अंगाला हंड्याची धग लागायची, समोर खरखरीत चिरा, पायाखाली दगडाचा उतार. आता चारी भिंती सारख्याच थंड आणि गुळगुळीत होत्या, दारही तसंच गुळगुळीत. ओल्या अंगावर लुगडं गुंडाळून ती त्या पांढऱ्या पेटीत गोल गोल चाचपडत होती, किती वेळ देव जाणे.

मला काय सुचलं कोण जाणे, कडी होती तिथं मी बाहेरून बोटांच्या पेरांनी टकटक केलं. "आये, हय. आवाजाच्या वांगडा हात आण." टकटक. आतला हात सरकत खाली गेला. "वर. अजून वर." टकटक करत राहिलो. हात जवळ आला, आमच्या दोघांच्या बोटांमध्ये आता ते पातळ दार तेवढं होतं. कडी सरकली.

दार उघडलं तेव्हा आई लहान मुलासारखी कुडकुडत होती. इतकी घाबरलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती, बाबा गेले तेव्हासुद्धा नाही. मी पंचा तिच्या खांद्यावर टाकला आणि तिच्यावरच ओरडलो.

"मगे हाक कित्याक मारूक नाय?"

"हाक मारली तर तू भियेतंस," ती म्हणाली. "मगे कडी काढून टाकतलंस."

पडवीत बसून दोघांनी चहा घेतला.

त्याच दुपारी मी कडीला काथ्याची जाड दोरी बांधली, हात कुठंही फिरला तरी लागेल अशी लांब. माडाच्या मुळाशी टाकलेला दगड दोघांनी लोटत लोटत परत न्हाणीत आणला आणि दारासमोरच्या भिंतीला टेकवून ठेवला. पाय ठेवायला तो धोक्याचाच, पण हात लावायला बरा, त्याच्यासमोर तोंड असलं की पाठीमागे दार. जुना तांब्या घासून परत दिला. मनगट तोवर सुधारलं होतं. करार असा ठरला की कडी तिची आणि आवाज माझा. तिनं मधूनमधून तांब्या दगडावर वाजवायचा. ती वाजवते. कधी कधी चिडून इतक्या जोरानं वाजवते की शेजारची कुत्री भुंकतात. नसलेल्या उंबऱ्यावर ती अजून पाय उचलते, तेवढ्यापुरता मी तिचा दंड धरतो.

तरी मी खुर्ची मात्र काढली नाही. माझी भीती काही अशी दोरी बांधून जाणारी नाही.

परवा मला ताप होता. दोन दिवस पडून होतो, तिसऱ्या सकाळी अंग चिकट झालं म्हणून आंघोळीला गेलो. डोकं जरा गरगरत होतं, स्टुलावर बसलो आणि डोळे मिटून तसाच राहिलो. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझी खुर्ची. कुणीतरी तिच्यावर बसलं.

"तांब्यो वाजव रे!" आई ओरडली.

"अगो, मी बरो आसंय. तू जा, पड जा."

"वाजव म्हणतंय मा?" ती म्हणाली. "माका काय झाला तर तू बघतलंस. तुका काय झाला तर माका दिसाचा पण नाय."

मी डोळे उघडले. समोर काळा दगड होता. मागे वळून बघितलं तर दाराला कडी लावलेली होती, मीच लावली होती, दोरी खाली लोंबत होती. मी उठून कडी काढली, परत येऊन बसलो आणि तांब्या दगडावर वाजवला.

"हां," बाहेरून आई म्हणाली. "आता न्हा."